पोटावरचे काळेनिळे डाग आणि दोन दिवस चुकलेले इंजेक्शन

वाचकाचे पत्र : आम्ही तासगाव तालुक्यातले. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. बेदाण्याच्या शेडवर पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. मिरजेत ऑपरेशन झाले. सातव्या दिवशी घरी सोडताना पोटावर टोचायचे रक्त पातळ करणारे इंजेक्शन, एनॉक्साप्रिन ४० मिलिग्रॅम, रोज एक याप्रमाणे ३५ व्या दिवसापर्यंत द्यायला सांगितले. ते मीच देते. आता पोटावर ठिकठिकाणी काळेनिळे डाग पडले आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, रक्त फार पातळ झाले, आता कुठूनही फुटेल, बंद करा. म्हणून तेराव्या आणि चौदाव्या दिवशी दिले नाही. दुखते म्हणून गावातल्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणल्या आहेत. मेथी-पालक बंद केले आहे. सासूबाई माळकरी आहेत, दरवर्षी वारीला जातात. हे औषध डुकरापासून बनवतात असे माझ्या भाच्याने मोबाईलवर वाचले. ते खरे असेल तर त्यांना सांगू की लपवू? आणि गोळीने भागत नाही का? डिस्चार्ज कार्डाचा फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचले त्याच संध्याकाळी मी आपल्याला फोन केला, कारण दोन दिवस चुकलेले इंजेक्शन ही गोष्ट सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. मी डागांबद्दल काही न विचारता आधी सासूबाईंच्या पोटऱ्यांबद्दल विचारले, तेव्हा आपल्याला नवल वाटले असेल. नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली, शिलाईच्या टेपने, दोन्ही पायांचा घेर आपण माझ्याशी बोलता बोलताच मोजलात. फरक एका सेंटिमीटरहून कमी निघाला. ऑपरेशन झालेल्या पायाला थोडी सूज असतेच, परंतु हा फरक ३ सेंटिमीटरच्या पुढे गेला, पोटरी दाबल्यावर दुखू लागली किंवा गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका धरून त्याच दिवशी सोनोग्राफी करावी लागते. तसे काही नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जनना भेटा एवढेच मी सांगितले. पुढे काय झाले ते आपण कळवलेत, त्याकडे मी येणारच आहे. आता आपल्या प्रत्येक प्रश्नाचे सविस्तर उत्तर देतो, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर असेच गोंधळलेले नातेवाईक मला वरचेवर भेटतात.

प्रथम, हे इंजेक्शन कशासाठी आहे ते पाहू. खुब्याचे हाड मोडलेला माणूस अंथरुणाला खिळतो, पायांच्या शिरांतून वर चढणारे रक्त रेंगाळते, आणि मोडलेले हाड व ऑपरेशनची जखम यांमुळे शरीर रक्त गोठवण्याच्या तयारीत असते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की मांडीच्या किंवा पोटरीच्या खोल शिरेत गुठळी धरते, आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो. हा धोका रुग्ण घरी आला म्हणून संपत नाही. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे तो राहतो, आणि म्हणूनच ३५ दिवसांची मुदत सांगतात.

‘रक्त पातळ करणारे’ हा शब्द आपण सगळेच वापरतो, मीही वापरतो, पण तो फसवा आहे. या औषधाने रक्त पाण्यासारखे होत नाही. रक्त गोठण्याची क्रिया एकामागून एक अशा अनेक पायऱ्यांनी होते. त्यांतल्या ‘दहा’ क्रमांकाच्या घटकाला आपल्याच रक्तातले अँटिथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन आवर घालत असते, आणि एनॉक्साप्रिन त्या प्रथिनाला बळ देते. गोठणे त्यामुळे मंदावते, इतकेच. आपली द्राक्षबाग आहे, म्हणून आपल्या ओळखीचे उदाहरण देतो. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसले की आपण ॲसिड सोडून त्या मोकळ्या करतो. हे औषध तसे काम करत नाही, धरलेली गुठळी ते विरघळवत नाही. नवी धरू न देणे आणि असलेली वाढू न देणे एवढेच त्याचे काम आहे, आणि तेही जेमतेम एक दिवस पुरते. म्हणून ते रोज द्यावे लागते, आणि म्हणूनच दोन दिवसांचा खंड ही क्षुल्लक गोष्ट नाही. एखादी वेळ चुकली तर आठवताच द्यावे, मात्र पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेले सोडून द्यावे. भरपाई म्हणून दोन एकदम कधीही देऊ नयेत.

आता डागांविषयी. आपण पाठवलेल्या फोटोत बेंबीच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे सहा-सात डाग दिसतात, काही जांभळे, काही पिवळट पडत चाललेले. सुईने कातडीखालची एखादी बारीक केशवाहिनी टोचली जाते, औषधामुळे तिथले रक्त थांबायला थोडा वेळ लागतो आणि डाग उमटतो. पिवळे पडत जाणारे डाग जिरत असतात. या इंजेक्शनाचा हा सर्वांत नेहमीचा त्रास आहे, आणि तेवढ्यावरून शरीरात आत कुठे रक्तस्राव होत आहे असे ठरत नाही. काकूंचा हेतू चांगलाच होता. डाग पाहून कुणालाही भीती वाटावी हे स्वाभाविक आहे, पण त्या भीतीपोटी औषध बंद करण्याआधी एक फोन डॉक्टरांना व्हायला हवा होता.

डाग कमी पडावेत यासाठी टोचण्याची पद्धत महत्त्वाची आहे. फोनवर आपण सांगितलेत की सुई काढल्यावर आपण ती जागा कापसाने चोळत होता. लहानपणापासून दंडावरचे इंजेक्शन चोळायची सवय आपल्या सर्वांना आहे, पण इथे चोळल्याने रक्त कातडीखाली पसरते. फक्त हलके दाबून धरावे. सासूबाईंना उताणे निजवावे किंवा टेकून बसवावे, बेंबीपासून चार बोटे सोडून आज डावीकडे तर उद्या उजवीकडे अशी जागा बदलावी, आणि जुन्या डागावर पुन्हा टोचू नये. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कातडीची घडी धरावी, सुई तिच्यात सरळ उभी, पूर्ण आत घालावी, औषध सावकाश सोडावे आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडू नये. भरून आलेल्या सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा दिसतो. तो काढण्यासाठी आपण थोडे औषध उडवून देत होता, तसे करू नका. पूर्ण मात्रा द्यायची असते तेव्हा तो बुडबुडा तसाच राहू द्यायचा असतो, त्यामुळे शेवटचा थेंबही आत जातो. कातडीखाली दिलेल्या एवढ्याशा हवेने काही अपाय होत नाही. सिरिंज घरातल्या थंड, सावलीच्या जागी ठेवाव्यात आणि बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नयेत, कारण औषध गोठता कामा नये. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालताना बोटाला टोचते, म्हणून ती तशीच जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा भरला की दवाखान्यात नेऊन द्या. घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका.

यानंतरची गोष्ट मला डागांपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या डिस्चार्ज कार्डावरच होती. वजन ४४ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम पाहण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) १.२. हा आकडा रिपोर्टवर नॉर्मलच्या रकान्यात बसतो, म्हणून तो कुणाच्या नजरेत भरत नाही. परंतु एनॉक्साप्रिन शरीराबाहेर पडते ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे, आणि मूत्रपिंडे किती काम करतात हे केवळ क्रिएटिनिनवरून कळत नाही. त्यासाठी वय आणि वजन हिशेबात घ्यावे लागते. १९७६ पासून वापरात असलेले एक साधे सूत्र आहे : १४० मधून वय वजा करायचे, उरलेल्या आकड्याला वजनाने गुणायचे, त्याला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या उत्तराचे ८५ टक्के धरायचे. या सूत्रावरून मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज येतो. सासूबाईंसाठी हा हिशेब मिनिटाला साधारण २९ मिलिलिटर इतका येतो, आणि हा आकडा ३० च्या खाली गेला की गुठळी टाळण्यासाठी दिली जाणारी ४० मिलिग्रॅमची मात्रा कमी करण्याचा नियम आहे. अमेरिकेत ती ३० करतात, युरोपात २०. शिवाय ४५ किलोंहून कमी वजनाच्या स्त्रियांच्या रक्तात नेहमीच्या मात्रेनेही औषधाचा अंमल अधिक राहतो, हे या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. म्हणजे डागांमुळे औषध बंद करणे चूक होते, पण सासूबाईंच्या अंगाला ती मात्रा जास्त होत असण्याची शक्यता खरी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि असे निर्णय घरी घेऊ नयेत ते याचसाठी. आपण हा हिशेब सर्जनना दाखवलात, त्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासले आणि मात्रा २० वर आणून इंजेक्शन पुढे सुरू केले, हे वाचून मला फार बरे वाटले. आता एक लक्षात ठेवा : घरात उरलेल्या ४० च्या सिरिंजमधून अंदाजाने अर्धे औषध टाकू नका. लहान मात्रेच्या बऱ्याच सिरिंजवर खुणा नसतात. २० ची वेगळी सिरिंज मिळते, तीच आणा.

डायक्लोफिनॅकच्या गोळ्या मात्र आजच्या आज बंद करा. आयबुप्रोफेन, ॲसेक्लोफिनॅक आणि या जातीच्या सगळ्या वेदनाशामकांना हेच लागू आहे. या गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स या रक्तकणांना बधिर करतात आणि वर मूत्रपिंडांनाही मंदावतात. मूत्रपिंडे मंदावली की इंजेक्शन अंगात साठते. एका गोळीने तीन बाजूंनी घात होतो, आणि या इंजेक्शनावर असताना झालेल्या गंभीर रक्तस्रावामागे अशी चिठ्ठीवाचून आणलेली गोळी मी स्वतः एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. त्यांच्या वजनाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर. तेवढ्याने भागत नसेल तर सर्जनना सांगा, त्यांच्याकडे दुसरे उपाय असतात. कुणी दंडात किंवा कमरेत ‘ताकदीचे’ इंजेक्शन द्यायला आले तर तेही नको, कारण स्नायूत रक्त साकळू शकते.

मेथी आणि पालक यांचे पथ्य आपण विनाकारण पाळत आहात. हिरव्या पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाचा संबंध वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या गोळीशी असतो, आणि तिथेही नियम भाजी बंद करण्याचा नसून रोज साधारण सारखी खाण्याचा असतो. एनॉक्साप्रिनचा या जीवनसत्त्वाशी काही संबंध नाही. हाड जुळायचे आहे, त्यांना पोटभर भाजी-भाकरी द्या. हळद घातलेले दूधही चालेल. आपली सांगली हळदीची पेठ, तेव्हा हा प्रश्न मला नेहमीच विचारला जातो. फोडणीतली हळद वेगळी आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. त्या कॅप्सूलने रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते, म्हणून त्या या दिवसांत नकोत. आणखी एक : भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात. हे इंजेक्शन शरीरातले पोटॅशियम थोडे वाढवू शकते, सासूबाईंची रक्तदाबाची टेल्मिसार्टन ही गोळीही ते वाढवते, आणि मूत्रपिंडे मंद असली की ते साचून राहते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम पाहून घ्या, आणि तोवर शहाळी आल्यागेल्यांना द्या.

त्याच तपासणीत प्लेटलेट्सही मोजल्या जातील याची खात्री करा. एनॉक्साप्रिन ज्या कुळातले आहे त्या हेपॅरिनच्या कुळातल्या औषधांचा एक विरळ पण गंभीर दुष्परिणाम म्हणजे प्लेटलेट्स निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटणे. हे सहसा पाचव्या ते दहाव्या दिवसांत सुरू होते, आणि विचित्र असे की प्लेटलेट्स घटूनही अशा रुग्णाला रक्तस्रावापेक्षा नव्या गुठळ्यांचाच धोका अधिक असतो. जुन्या हेपॅरिनपेक्षा एनॉक्साप्रिनने हे फार कमी वेळा होते, पण होते. सुईच्या जागची कातडी काळी पडून दुखरी, कडक झाली आणि खपली धरू लागली, तर तो साधा डाग नव्हे. त्याच दिवशी दाखवावे.

आता माळेचा प्रश्न. आपल्या भाच्याने वाचले ते खरे आहे. हेपॅरिनचा शोध १९१६ मध्ये बाल्टिमोरला जे मॅकलीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हातून लागला, तो कुत्र्याच्या यकृतावर प्रयोग करताना, आणि यकृताच्या ग्रीक नावावरूनच औषधाला नाव मिळाले. आज हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, आणि त्याचे रेणू तोडून लहान केले की एनॉक्साप्रिन तयार होते. आपण विचारता, सांगू की लपवू. माझे स्पष्ट मत आहे की सांगावे. शरीर त्यांचे आहे, माळही त्यांची आहे, आणि ७२ वर्षांच्या शुद्धीवर असलेल्या बाईला आपल्या अंगात काय जाते हे कळण्याचा हक्क आहे. भाचा उद्या सहज बोलून जाईल आणि त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून कळेल, ते अधिक लागेल. सांगताना हेही सांगा की हे अन्न नव्हे, जीव वाचवण्यासाठी काही दिवसांपुरते घेतलेले औषध आहे. अनेक माळकरी कुटुंबे हा विचार करून ते स्वीकारताना मी पाहिली आहेत. आणि तरीही त्या नको म्हणाल्या तर वाद न घालता सर्जनना तसे सांगा. फोंडापॅरिनक्स नावाचे पूर्णपणे कृत्रिम, कुठल्याही प्राण्यापासून न काढलेले इंजेक्शन आहे. अडचण अशी की तेही मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते, आणि सासूबाईंच्या आकड्यावर व वजनावर ते देता येईल का याचा निर्णय फार जपून घ्यावा लागेल.

गोळीविषयी विचारलेत, ते योग्यच आहे. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा ठरवून बदलतात तेव्हा अपिक्साबान किंवा रिव्हारॉक्साबानच्या गोळ्या देता येतात. साधी ॲस्पिरिनही या शर्यतीत आहे. २०२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १२ हजारांहून अधिक अस्थिभंगाच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यू टाळण्याच्या बाबतीत ॲस्पिरिन एनॉक्साप्रिनपेक्षा कमी ठरली नाही, मात्र पायांतल्या गुठळ्या ॲस्पिरिनच्या गटात थोड्या अधिक होत्या. त्या रुग्णांचे सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास होते. ७२ वर्षांच्या, ४४ किलोंच्या बाईला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला धोक्याचे वाटते. उरलेले दिवस थोडे आहेत आणि मात्रा आता बेताची झाली आहे, तेव्हा त्यांची हरकत नसेल तर इंजेक्शनच पूर्ण करावे असे मी म्हणेन.

काही खुणा मात्र लिहून भिंतीवर लावा. शौचास डांबरासारखी काळी होणे, लघवी लाल होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडणे, दाबून धरूनही १५ मिनिटांत न थांबणारे नाकातले रक्त, ऑपरेशनच्या जागी एकाएकी वाढलेली सूज, पुन्हा पडून डोक्याला मार लागणे, मग वरून जखम दिसो वा न दिसो. यांतले काहीही झाले तर पुढचे इंजेक्शन न देता लगेच दवाखाना गाठा. त्यांना पाठीत भूल दिली होती, म्हणून पाठीत नव्याने दुखू लागले आणि पाय लुळे पडले किंवा लघवी अडली तर तासाचाही उशीर नको, कारण मणक्यात रक्त साकळल्याची ती खूण असू शकते. आणि एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हेच सांगा की एनॉक्साप्रिन चालू आहे आणि शेवटचे अमुक वाजता दिले. प्रोटामिन नावाचा उतारा आहे, तो या औषधाचा अंमल पूर्ण नाही पण बराचसा उतरवतो, आणि तो द्यायचा की नाही हे त्या वेळेवरूनच ठरते. याच कारणासाठी दात काढायचा झाला तरी दंतवैद्यांना आधी सांगा.

३५ व्या दिवसाचे इंजेक्शन झाले की ते थांबवायचे, हळूहळू कमी करत आणायची गरज नसते. वॉकर धरून दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चालवणे मात्र त्यानंतरही चालू ठेवा, आणि पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून आकडा तारखेसह वहीत लिहा. यंदा वारीला जाता येईल का हे त्यांनी आपल्यामार्फत मला विचारले आहे. त्याचे उत्तर सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर सर्जनच देतील, त्या दिवशी ती वही त्यांच्यापुढे ठेवा.